‘गवत’ या रकान्यातलं गवत

मागच्या जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेच्या तक्त्यात मी अधिवासाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: गवत. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर आम्ही पाच जण होतो. वारकरी पक्षी किती, शेकाट्या किती, जांभळ्या पाणकोंबड्या किती, याचे आकडे मी दोनदा तपासून लिहिले होते. आमच्यातले सगळ्यात वडील म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, “कोणतं गवत?”

“काठाला असतं ते, सर.”

“त्या काठावर गवत फार थोडं आहे. पाणकोंबडी ज्यात शिरली ते गवत नव्हतं. वारकरी ज्याच्या आडोशाला होते तेही नव्हतं. पक्ष्याचं नाव चुकलं तर तुम्ही रात्रभर झोपत नाही, आणि तो ज्यात राहतो त्याला नावच नाही?”

सर रागावून बोलले नव्हते, पण ते मला लागलं. पुढचं सगळं वर्ष त्या एका शब्दाच्या मागे गेलं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस आहे. बावीस वर्षं कापड बघतोय. खिशात कायम पीक ग्लास असते. पितळेचं घडीचं भिंग, खाली एक इंच चौकोनी खिडकी, कडेला बारीक खुणा. ती कापडावर ठेवायची आणि इंचात ताण्याचे, म्हणजे उभे धागे किती, बाण्याचे, म्हणजे आडवे किती ते मोजायचं. वनस्पतींचं शिक्षण मला अजिबात नाही, बारावीनंतर पुस्तक मिटलं ते मिटलं. पण बारीक बघायची सवय हाताला आणि डोळ्याला आहे, आणि हीच सवय इथं उपयोगी पडली.

सुरुवात मात्र मोबाइलनं केली. फेब्रुवारीत एका रविवारी तलावावर जाऊन एकाच झुपक्याचे सहा फोटो काढले आणि ओळख सांगणाऱ्या ॲपला दिले. तीन फोटोंना तीन वेगळी नावं आली, बाकीच्यांना नुसतंच ‘एकदल वनस्पती’. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “ॲपची चूक नाही. तू त्याला हिरव्या काड्या दाखवल्यास. माणसाचा फक्त कोपर दाखवून नाव विचारल्यासारखं झालं.” मग ते मला घेऊन बांधाखाली उतरले.

हिप्परगा म्हणजे तुळजापूर रस्त्यावरचा एकरुख तलाव, आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात बांधलेला. पाणी ओसरलं की काठाचा काळा गाळ उघडा पडतो आणि त्यावर हिरवे पट्टे दिसतात. शेजारच्या रानात ज्वारी काढून झाली होती. सरांनी तिथलं ज्वारीचं एक ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. “हे गवत. खरं गवत. पेरं बघ.” ताटाला पेरं असतात हे सोलापूरच्या पोराला सांगायची गरज नाही. पण त्यांनी पानाचा खालचा भाग, ताटाला वेढून बसलेला, नखानं उकलून दाखवला. सदऱ्याची एक बाजू दुसरीवर यावी तसा तो एका बाजूला उघडा होता. पानंही दोनच ओळींत, एक इकडं, एक तिकडं.

मग काठावरचं एक लव्हाळं मुळासकट उपटलं. “आता दांडा दोन बोटांत धरून फिरव.” फिरवला. तो गोल फिरेना, तीन वेळा अडला. तीन कडा. पेर एकही नाही, बुडापासून फुलोऱ्यापर्यंत एकसंध. ब्लेडनं आडवा काप घेतला तर आत पोकळ नाही, पांढरा भरीव गर. पानं तीन दिशांना. आणि पानाचा तळ उकलायला गेलो तर तो उकलेना. तो नळीसारखा बंद होता, शिवण नसलेल्या बाहीसारखा. सायपेरेसी हे या कुळाचं नाव. जगात साडेपाच हजारांच्या आसपास जाती, आणि आपण त्या सगळ्यांना गवत म्हणून मोकळे होतो. पुरात वाचणारं लव्हाळं आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण ते हातात धरून फिरवलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

हे कळल्यावर मला वाटलं, झालं. तीन कडा असतील ते लव्हाळ्याच्या कुळातलं, नसतील ते दुसरं. दोन आठवड्यांत हा समज मोडला.

तलावाच्या पूर्वेच्या अंगाला, घोटाभर पाण्यात, गडद हिरव्या, पेन्सिलीएवढ्या जाड, गोल काड्यांचे झुपके होते. पानं जवळजवळ नाहीतच. कडा नाही म्हणजे लव्हाळं नाही, असं ठरवून मी वहीत ‘जंकस’ लिहिलं. जंकस म्हणजे लव्हाळ्यासारखी दिसणारी, पण वेगळ्या कुळातली वनस्पती. तिचा दांडा गोल असतो, तेवढंच वाचलं होतं. सरांनी वही बघितली आणि विचारलं, “फूल उघडून बघितलंस?” नव्हतं बघितलं. जंकसच्या फुलाला लहान का होईना, सहा पाकळ्यांसारखी दलं असतात, आणि फळ म्हणजे एक छोटी डबी, आत पुष्कळ बिया. माझ्या झुपक्यात तपकिरी खवले एकावर एक बसलेले होते आणि प्रत्येक खवल्याच्या पोटात एकच बी. डबी नाही, दलं नाहीत. म्हणजे दांडा गोल असूनही कुळ लव्हाळ्याचंच. तेव्हापासून मी दांड्याच्या आकारावर निकाल देत नाही.

या झुपक्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. फुलोरा काडीच्या टोकाला नव्हता. काडी खालून वर येते, मध्येच एका बाजूला खवल्यांचा तपकिरी गेंद फुटलेला, आणि वर काडी पुन्हा तशीच सरळ चाललेली. मला वाटलं फुलोरा बगलेतून आलाय. सर म्हणाले, “काडी गेंदापाशीच संपली. वरचं आहे ते छद, म्हणजे फुलोऱ्याखालचं पान. काडीचं सोंग घेऊन उभं आहे.” पीक ग्लास लावून गेंदाची जागा बघितली तेव्हा सांधा दिसला. या झाडात तर ते सोंगी पान खऱ्या काडीपेक्षाही लांब होतं, त्यामुळे गेंद अर्ध्याच्याही खाली आल्यासारखा वाटत होता. मग काडी चिमटीत धरून ओढली. ठरावीक अंतरावर बोटाला बारीक गाठी लागत गेल्या, सुताच्या धाग्यात सांधलेल्या गाठी लागतात तशा. उभी चिरली तर आतून पोकळ, आणि पोकळीत आडवे पडदे. हिचं नाव शीनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा.

नाव सांगताना सरांनी तीन नावं सांगितली. कूक यांच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या ग्रंथात, जो १९०१ ते १९०८ या काळात निघाला, ही स्किर्पस म्हणून आहे. पुढं स्किर्पस या मोठ्या घरातून शीनोप्लेक्टस वेगळं निघालं, आणि त्यातून २००३मध्ये शीनोप्लेक्टिएला. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्यात दुसरं दिसलं की नवशिका घाबरतो. झाड तेच असतं. मी वहीत तिन्ही नावं बाणानं जोडून ठेवली, म्हणून पुढं कुठलंही पुस्तक उघडलं तरी अडलो नाही.

उन्हाळ्यात काठ भाजून निघाला. श्रावणात पाऊस झाल्यावर सगळं हिरवंगार दिसलं आणि मी उत्साहानं अकरा नमुने गोळा केले. घरी वर्तमानपत्रात दाबले, वर वजन म्हणून टॉवेलचे गठ्ठे ठेवले. पंधरा दिवसांनी सरांकडे नेले. त्यांनी एकेक कागद उलटला, आणि अकरापैकी नऊ तसेच परत केले. “यांना बी नाही. बी नाही तर नाव नाही.”

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून मी ठासून सांगतो. या कुळाची ओळख पिकलेल्या बीवर अवलंबून असते. हिरवा, कोवळा, फोटोत देखणा दिसणारा फुलोरा उपयोगाचा नाही. खवले तपकिरी होऊन चिमटीत चोळल्यावर बी सुटायला हवं. आपल्याकडं त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा, तळं ओसरायला लागतं तेव्हा. आणि दुसरं, नमुना बुडासकट हवा. आडवं खोड आहे की नाही, गाठी आहेत की नाही, वर्षायू आहे की बहुवर्षायू, हे सगळं चिखलाखाली असतं. वरून कापून आणलेला गुच्छ म्हणजे अर्धा पुरावा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी खुरपं, पिशव्या, पेन्सिलनं लिहायच्या चिठ्ठ्या आणि डब्यात कडक भाकरी नि शेंगाची चटणी. पाणकणसापर्यंत पोचायचं म्हणून सरळ आत चाललो होतो, तेवढ्यात जाळं आवरणारे एक मच्छीमार काका ओरडले, “साहेब, तिकडं पाय टाकू नका. वर हिरवं दिसलालंय, खाली कंबरभर गाळ हाय!” तोवर एक पाय गुडघ्यापर्यंत गेलेला होता. त्यांनी बांबू पुढं केला, मी तो धरून मागं आलो. मग त्यांनीच कुठून जायचं ते दाखवलं. पाण्याच्या कडेनं जिथं बुटकी, सुईसारखी हिरवळ आहे तिथली जमीन घट्ट. उंच काड्यांच्या मुळाशी गाळ. नावं न घेता ते झाडांवरून जमीन ओळखत होते, आणि मी नेमकं तेच शिकायला आलो होतो.

त्या दिवशी पट्टे स्पष्ट दिसले. सगळ्यात आत, पाण्यात, पाणकणीस. त्याच्या अलीकडे गोल काड्यांचे झुपके. मग ओला गाळ, तिथं काकांची ती सुईसारखी हिरवळ आणि गोल डोक्यांचं एक कोवळं लव्हाळं. सगळ्यात वर, बांधाच्या कोरड्या अंगाला, आपला नेहमीचा लव्हाळा, उसाच्या फडात खुरपून खुरपून शेतकरी थकतो तो. सायपेरस रोटंडस.

त्याच्या गाठी मी घरी धुवायला ठेवल्या होत्या. आई मोरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, “उटणं आत्ताच काढलंस व्हय रं? चार दिवस हायेत अजून.” गाठ फोडून वास घेतला. खरंच उटण्यातला नागरमोथा. बाजारात नागरमोथा म्हणून मिळतो त्यात सायपेरस स्केरिओसस ही दुसरी जातही असते, हे सरांनी नंतर सांगितलं. पण मोथा, मुस्ता म्हणून वैद्यकात जातो तो हा लव्हाळा. शेजारच्या तेलुगू मावशींनी काड्या बघून लगेच सांगितलं, “आमच्यात याला तुंग म्हणतात. याच्या चटया होतात.” चटयांचं तुंग म्हणजे याच कुळातली उंच, लांब काडीची भावंडं. तमिळनाडूत पट्टमडईच्या चटया विणतात त्याही अशाच लव्हाळ्याच्या, तिकडं त्याला कोरै म्हणतात. प्रत्येक भाषेत या कुळातल्या झाडांना वेगळं नाव, प्रत्येक नावामागं एक वापर. लॅटिन नाव या सगळ्यांना एका जागी आणतं म्हणून मला ते हवं असतं. त्यांच्या जागी बसायला नाही.

आता खरं काम सुरू झालं. सरांकडे एक जुना विच्छेदनाचा सूक्ष्मदर्शक आहे. कणिशक, म्हणजे खवल्यांचा एकेक लहान तुरा, गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवला की मऊ पडतो आणि सुईनं उकलता येतो. पहिला प्रश्न, खवले कसे बसलेत? समोरासमोर दोन ओळींत असतील तर तुरा चपटा दिसतो आणि आपण सायपेरसकडे जातो. गोल गोल चढत गेलेले असतील, तर याच कुळातल्या फिम्ब्रिस्टायलिस, शीनोप्लेक्टिएला, एलिओकॅरिस यांच्याकडे. दुसरा प्रश्न, कुक्षी दोन की तीन? फुलाच्या टोकाचे ते केसासारखे फाटे. दोन असतील तर बी बहुधा दोन्ही बाजूंनी फुगीर, तीन असतील तर तिकोनी. तिसरा प्रश्न बीच्या बुडाशी ताठ केस आहेत का, आणि चौथा बीच्या डोक्यावर काय आहे.

गोल डोक्यांचं कोवळं लव्हाळं सायपेरस डिफॉर्मिस निघालं. खवले दोन ओळींत, प्रत्येक खवला एक मिलिमीटरपेक्षाही लहान आणि जवळजवळ गोल, शेकडो मिळून एक गेंद. भातखाचरातलं हे जगभरचं तण आहे. सुईसारखी हिरवळ एलिओकॅरिस जेनिक्युलाटा. तिला पातं नाहीच, काडीच्या टोकावर एकच बोंड. ते उकललं तेव्हा मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. मिलिमीटरभर बी, काळं कुळकुळीत, पॉलिश केल्यासारखं. डोक्यावर फिकट रंगाची इवली टोपी, आणि बुडापासून वर आलेले तपकिरी केस, त्यांना उलट्या दिशेचे काटे. तीस मैलांवरून आलेल्या बदकाच्या पायाच्या चिखलात असं बी सहज येऊ शकेल, असं तेव्हा मनात आलं.

शीनोप्लेक्टिएलाच्या झुपक्यात सरांनी एक गोष्ट दाखवली ती मी एकट्यानं कधीच शोधली नसती. “बुडाशी बघ,” ते म्हणाले. काडीच्या अगदी तळाशी, बंद आवरणाच्या आत, चिखलाला टेकून एक एकटं बी होतं. या गटातल्या काही जाती वर गेंदात बिया धरतातच, शिवाय तळाशीही एखादं लपवून ठेवतात. वरचा फुलोरा गुरांनी खाल्ला तरी ते राहतं. श्रावणात मी वरून कापून आणलेल्या काड्यांत ते कुठून दिसणार होतं?

पाणकणसाची गोष्ट वेगळी. ते या कुळातलंच नाही, टायफेसी हे त्याचं वेगळं कुळ. पानं दोन ओळींत, पट्ट्यासारखी, कापली तर आत हवेच्या कप्प्यांची जाळी. सगळे ओळखतात म्हणून सोपं असेल असं मी धरून चाललो होतो. हिप्परग्यापेक्षा ते आमच्या कारखान्यामागच्या नाल्यात जास्त माजलंय, कारण तिथं सांडपाणी तुंबून राहतं आणि त्या खतावर ते पोसतं. कणसाच्या दोन जागा असतात: वर नर फुलांचा बारीक तुरा, खाली मादी फुलांचा जाड, मखमली दंडगोल. दोघांच्या मध्ये उघडी काडी दिसते का ते आधी बघायचं. टायफा लॅटिफोलियात दोन्ही एकमेकांना चिकटून असतात. आमच्याकडच्यात चांगलं दोन बोटं अंतर होतं. जुन्या ग्रंथांत आपल्याकडचं पाणकणीस टायफा अंगुस्टाटा म्हणून येतं, ते आता टायफा डोमिंजेन्सिसमध्ये धरतात. कणसाचा रंग फिकट दालचिनीसारखा, तोही जुळला.

एक कणीस मी पिकलेलं आणलं ते चुकलं. दाबायच्या आधीच फुटलं आणि घरभर म्हातारीच्या कापसासारखं झालं. एका कणसात लाखाच्या वर बिया असतात हे वाचलं होतं. आईनं तीन दिवस झाडून ते पटवून दिलं. पाणकणीस दाबायचं तर मादी कणीस घट्ट असतानाच आणावं, उभं अर्धं चिरावं, आणि लांब पान इंग्रजी एन अक्षरासारखं घडी घालून कागदात बसवावं. कागद बेचाळीस सेंटिमीटरचा आणि झाड सात फुटांचं, त्यामुळे मूळ उंची चिठ्ठीवर लिहायला विसरू नये. पाण्याची खोलीही लिहावी. ती वाळलेल्या झाडावरून कुणालाच सांगता येत नाही.

यंदाच्या जानेवारीत गणनेला गेलो तेव्हा अधिवासाचा रकाना पुरेना. मागच्या पानावर लिहिलं: जांभळ्या पाणकोंबड्या टायफात, पाणी गुडघाभर. वारकरी त्याच्या बाहेरच्या कडेला. शेकाट्या आणि तुतारी एलिओकॅरिसच्या पट्ट्यात, जिथं गाळ उघडा आहे. पाणकणसातच गेल्या पावसाळ्यातली सुगरणीची जुनी घरटी होती, त्यांची जागाही नोंदवली. सरांनी पान वाचलं आणि खिशातून पेन काढून फक्त एका ठिकाणी प्रश्नचिन्ह केलं.

ते प्रश्नचिन्ह फिम्ब्रिस्टायलिसचं आहे. काठाच्या ओलसर वाळूत वीतभर उंचीचं, तपकिरी तुऱ्यांचं ते एक साधं रोप. कुक्षी दोन, कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीखालची दांडी, चपटा आणि कडेला झालर, इथवर शंका नाही. बी पांढुरकं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर उभ्या कडा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या. ताणा आणि बाणा, हुबेहूब. बावीस वर्षं जे मोजतोय तेच मिलिमीटरभर बीवर होतं. मी एका बाजूच्या कडा मोजल्या. एका बीवर सात आल्या, दुसऱ्यावर आठ. डायकोटोमा की बायसअम्बेलाटा, हे खवल्याच्या लांबीवर ठरायचं आहे, आणि माझ्या नमुन्यातले अर्धे खवले गळून गेलेत.

जागा लक्षात आहे. बांधाच्या तिसऱ्या पायरीसमोर, बाभळीच्या उजव्या हाताला, काकांची होडी बांधतात तिथून वीस पावलं. कार्तिकात पाणी त्या बाभळीच्या खाली गेलं की जायचं. चिठ्ठी लिहून पाकिटात घालून ठेवली आहे, नावापुढची जागा तेवढी मोकळी आहे.